दोन घोडेस्वारांचं नाणं

अंगापिंडाने ते लहानच. व्यास वीस मिलिमीटरच्या आसपास, वजन पाच-सहा ग्रॅम, रंग कुठे मातकट हिरवा तर कुठे काळपट तपकिरी. कडा क्वचितच पुरती गोल असते. हातोड्याच्या घावाने एखाद्या बाजूला ओठ फुटल्यासारखी चीर गेलेली असते. संग्रहालयात चांदीच्या झळझळीत नाण्यांच्या शेजारी ठेवलं तर पाहणारा पुढे निघून जाईल. त्याची ओळख करून घ्यायची तर ते तिरप्या उजेडात धरून सावकाश फिरवावं लागतं.

एका बाजूला दाढीवाला पुरुष आहे, तोंड उजवीकडे. दाढी दाट, भुवई जाड, जबडा भक्कम. हा राजा की झ्यूस देव, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. काही ठशांवर तो निःसंशय देवासारखा दिसतो, तर काहींवर इतका माणसासारखा की ठसा कोरणाऱ्याने कोणाला तरी समोर बसवलं असावं असं वाटतं. दुसऱ्या बाजूला उजवीकडे निघालेला घोडेस्वार आणि त्याच्याभोवती सहा ग्रीक अक्षरं: सिग्मा, एप्सिलॉन, उप्सिलॉन, थीटा, ओमिक्रॉन आणि पुन्हा उप्सिलॉन. म्हणजे ‘सेउथेसचं’. झिजलेल्या नाण्यावर थीटाच्या पोटातला ठिपका आधी जातो आणि मग शेजारी शेजारी दोन नुसती वर्तुळं उरतात. ती अंदाजाने वाचावी लागतात.

अजून थोडं फिरवलं की त्या घोडेस्वाराच्या आसपास काहीतरी खटकायला लागतं. घोड्याच्या पोटाखाली त्याचा नसलेला एक पाय दिसतो. कडेला एक अक्षर उलटं, सेउथेसच्या नावात न बसणारं. दाढीच्या केसांत मध्येच सिंहाच्या आयाळीचे झुपके. या नाण्याच्या खाली दुसरं नाणं आहे. ते मॅसिडोनियाच्या कॅसँडरचं. त्याच्या एका बाजूला सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला तरुण हेराक्लीज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक मुलगा आणि ‘राजा कॅसँडरचं’ ही अक्षरं. सेउथेसच्या टाकसाळीत ते परक्याचं नाणं तापवलं गेलं, दोन ठशांमध्ये धरलं गेलं आणि वरून घाव बसला. एका घोडेस्वाराच्या उरावर दुसरा घोडेस्वार चढला. पहिला पुरता मेला मात्र नाही.

हा सेउथेस म्हणजे थ्रेसचा सेउथेस तिसरा. त्याचा काळ इ.स.पू. ३३० ते ३००च्या आसपासचा, आणि मुलूख आजच्या बल्गेरियातलं काझानलाकचं खोरं. एका बाजूला बाल्कन पर्वताची रांग, मध्ये तुंजा नदी. आज या खोऱ्याची ख्याती गुलाबाच्या शेतीसाठी आणि तिथल्या अत्तराच्या तेलासाठी आहे. त्या काळी थ्रेशियन लोकांच्या ओड्रिसी घराण्याचं जे काही राज्य उरलं होतं त्याचं हे काळीज होतं.

‘उरलं होतं’ म्हणण्याचं कारण आहे. याच्या शंभर वर्षं आधी हे राज्य मोठं होतं. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो की पहिल्या सेउथेसच्या काळात सोन्या-चांदीतली खंडणीच चारशे टॅलंटपर्यंत जात असे, आणि भेटवस्तू, कापड, भांडी यांचा हिशेब त्याखेरीज. त्यानेच लिहून ठेवलंय की ओड्रिसी दरबारात देण्यापेक्षा घेण्याची रीत होती. नजराणा दिल्याशिवाय काम होत नसे. पुढे इ.स.पू. ४००च्या हिवाळ्यात झेनोफन आपली भाडोत्री फौज घेऊन दुसऱ्या सेउथेसच्या चाकरीत राहिला. माणशी महिना एक सिझिकसचं सोन्याचं नाणं असा करार झाला होता आणि पगार थकला. झेनोफनने त्या थकलेल्या पगाराची कटकट पानंच्या पानं भरून लिहिली आहे. म्हणजे थ्रेसच्या राजांबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक शेजाऱ्यांनी लिहिलेलं आहे, आणि त्यातले काही शेजारी त्यांचे देणेकरी होते, काही घेणेकरी. थ्रेशियनांनी स्वतःचा इतिहास लिहून ठेवला नाही. त्यांची भाषा काही तुटक कोरीव ओळींपुरती आणि माणसांच्या, गावांच्या नावांपुरती उरली आहे. अशा लोकांच्या राजाने स्वतः, आपल्या हुकमाने, आपल्याबद्दल काही सांगितलंय अशी जागा म्हणजे हे नाणं. म्हणून मला ते मोठं वाटतं.

सेउथेसच्या घराण्यात तांब्या-काशाच्या नाण्यांची परंपरा होती. कोटिस पहिला हा त्यातला सर्वांत दबदब्याचा माणूस. त्याच्या काशाच्या नाण्यांवर घोडेस्वार आहे आणि दोन कानांचं भांडं आहे. ग्रीक भाषेत त्या भांड्याचं नाव आणि राजाचं नाव एकसारखं ऐकू येतं. त्याने अथेन्सशी सोयरीकही केली आणि लढाईही. शेवटी इ.स.पू. ३६०च्या सुमारास ऐनोस गावच्या पायथॉन आणि हेराक्लिडीज या दोघा भावांनी त्याचा खून केला. दोघेही प्लेटोचे शिष्य असल्याचं सांगतात. अथेन्सने त्यांना नागरिकत्व दिलं आणि सोन्याचे मुकुट दिले. कोटिसनंतर राज्याचे तीन तुकडे झाले. त्यांतल्या एका तुकड्याच्या केत्रिपोरिसच्या नाण्यावर द्राक्षमळ्यांच्या देवाचं, म्हणजे डायोनिससचं डोकं आणि त्याचा उंच कानांचा पेला आहे. दुसऱ्या तुकड्याच्या अमाडोकोसच्या नाण्यावर दुधारी परशू आणि द्राक्षवेल. पुढे फिलिप दुसरा चालून आला, त्याने तिसऱ्या तुकड्याच्या केर्सोब्लेप्टीसला पदच्युत केलं आणि इ.स.पू. ३४१पर्यंत हे सगळे तुकडे मॅसिडोनियाच्या पोटात गेले. फिलिपने जाताना फिलिपोपोलिस वसवलं, तेच आजचं प्लोव्हदिव्ह. आणि जाताना आपली नाणीही सोडून गेला. त्यांच्या एका बाजूला अपोलो, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा तरुण.

फिलिपची ती काशाची नाणी पुढच्या कैक वर्षांत थ्रेसभर पसरली. सैनिकांच्या पगारातून, दाण्या-दारूच्या खरेदीतून ती हातोहाती फिरली. सेउथेसने पुढे ठसा मारायला जी नाणी वापरली त्यांत फिलिपची आहेत, अलेक्झांडरची आहेत, कॅसँडरची आहेत आणि लायसिमॅकसचीही आहेत. या चौघांपैकी लायसिमॅकसशी त्याचं वैर सर्वांत जवळचं.

अलेक्झांडर मेल्यावर त्याच्या सरदारांनी वाटण्या केल्या तेव्हा थ्रेस लायसिमॅकसच्या वाट्याला आलं. वाट्याला आलं म्हणजे कागदावर आलं. ते प्रत्यक्ष घ्यायचं होतं. डायोडोरसने इ.स.पू. ३२३च्या मोहिमेचे आकडे दिले आहेत. लायसिमॅकसकडे चार हजार पायदळ आणि दोन हजार घोडदळ. सेउथेसकडे वीस हजार पायदळ आणि आठ हजार घोडदळ. जुन्या इतिहासकारांच्या आकड्यांवर पूर्ण भिस्त ठेवू नये, पण प्रमाण लक्षात घेण्याजोगं आहे. लढाई घनघोर झाली. लायसिमॅकसची बरीच माणसं पडली, सेउथेसची त्याहून जास्त पडली, आणि तरी विजय नक्की कोणाचा हे सांगता येईना. दोघेही आपापल्या तळावर परतले आणि पुढच्या लढाईच्या तयारीला लागले. दहा वर्षांनी, इ.स.पू. ३१३मध्ये, काळ्या समुद्रावरच्या ग्रीक शहरांनी लायसिमॅकसविरुद्ध उठाव केला तेव्हा सेउथेस लायसिमॅकसचा प्रतिस्पर्धी अँटिगोनस याच्या पक्षाला मिळाला आणि हीमसची, म्हणजे बाल्कन पर्वताची खिंड अडवून बसला. लायसिमॅकसने खूप वेळ लढून, पुष्कळ माणसं गमावून ती खिंड फोडली. त्यानंतरचं काय, हे डायोडोरस सांगत नाही.

नाणं मात्र सांगतं. इ.स.पू. ३०६-३०५मध्ये अलेक्झांडरच्या वारसदार सरदारांनी एकापाठोपाठ एक स्वतःला राजा म्हणवून घेतलं. कॅसँडरच्या नाण्यावर ‘राजा’ ही पदवी दिसते ती त्यानंतर. तेव्हा त्या पदवीच्या नाण्यावर सेउथेसचा ठसा असेल तर तो ठसा ३०५च्या आधीचा असूच शकत नाही. खिंडीतल्या पराभवानंतर इतक्या वर्षांनीही सेउथेस आपल्या खोऱ्यात होता, त्याची टाकसाळ चालू होती आणि शेजारच्या राजाची नाणी तिच्या ऐरणीवर येत होती. इतिहासकाराने जिथे बोलणं थांबवलं तिथून पुढे हा लहानसा साक्षीदार बोलत राहतो. दोन ठसे एकावर एक असल्यामुळेच त्याची साक्ष पक्की आहे. वरचा ठसा खालच्याच्या नंतरचा, हे उलटतपासणीत फिरवता येत नाही.

टाकसाळीतलं काम कसं चाले ते सांगायला हवं, कारण या नाण्याचा स्वभाव तिथेच घडला. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे. राजाचा चेहरा बहुधा तिथे. वरचा ठसा हातात धरायच्या जाड लोखंडी खुंट्याच्या टोकाला कोरलेला, घोडेस्वार तिथे. कोऱ्या नाण्यासाठी आधी धातू वितळवून चकत्या ओताव्या लागतात, त्यांचं वजन जुळवावं लागतं. जुनं नाणं आयतं हातात असेल तर हे सगळं वाचतं. ते भट्टीत तापवायचं, चिमट्याने खालच्या ठशावर ठेवायचं, वर खुंटा धरायचा आणि घण घालायचा. धातू पुरेसा तापलेला असेल आणि घाव सरळ बसला तर जुनं चित्र चेपून नाहीसं होतं. तापमान कमी पडलं, घाव तिरका गेला, नाणं ठशाच्या मध्यावर बसलं नाही, तर जुनं चित्र कडेकडेने जिवंत राहतं. सेउथेसच्या टाकसाळीत असं वारंवार झालं आहे. कामगार घाईत असतील. पण जुनं चित्र पुरतं पुसून टाकण्याचा हट्ट वरून कोणी धरला नव्हता, हेही त्यातून दिसतं.

मराठी वाचकाला इथे जोगलटेंभी आठवेल. नाशिकजवळ १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला निघाला. तिथे जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या तिजोरीवर आपली मोहोर उठवली होती. सेउथेसची गोष्ट वेगळी आहे. त्याने कॅसँडरला कधी हरवलं नव्हतं, फिलिपच्या तर साम्राज्याच्या उरलेल्या भागातच तो उभा होता. ज्यांना तो हटवू शकत नव्हता त्यांच्याच पैशावर त्याने आपलं नाव लिहिलं.

आणि हे करायला काशाचाच पैसा का, हा प्रश्न मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चांदीचं नाणं कुठेही चालतं; ते वजनावर जातं, आणि राजा बदलला तरी चांदी चांदीच राहते. काशाच्या नाण्याचं तसं नाही. त्यातल्या धातूची किंमत त्याच्या बाजारातल्या किमतीपेक्षा कमी असते. ते चालतं ते राजाच्या शब्दावर, म्हणजे राजाचा शब्द जिथवर चालतो तिथवरच. दोन डोंगर ओलांडले की ते नुसता धातूचा तुकडा. म्हणून काशाचं नाणं कुठे कुठे सापडतं ते नकाशावर मांडलं की राजाच्या हुकमतीची खरी सीमा दिसते. पोवाड्यांतली किंवा शिलालेखातली नव्हे, बाजारातली. सेउथेसची नाणी मुख्यतः काझानलाकच्या खोऱ्यात आणि त्याच्या आसपास सापडतात. तेवढ्या मुलखात भाकरी विकणारा, घोड्याच्या खुरांना तेल लावणारा, दारू मोजणारा माणूस त्याचं नाव मान्य करत होता.

परक्याची चिल्लर आपल्या बाजारात फिरते तोवर परक्याचा शब्दही फिरत असतो. कॅसँडरचं नाणं घेऊन सेउथेसच्या शहरात आलेला शिपाई कॅसँडरवर विश्वास ठेवूनच ते देणार. ठसा बदलला की तो शब्द सेउथेसचा होतो. शिवाय टाकसाळीला थोडा नफाही मिळतो. जुनं नाणं एका भावाने घ्यायचं आणि नवा ठसा मारून जास्त भावाने बाजारात सोडायचं, अशी रीत त्या काळी कित्येक राज्यांत होती. राजकारण आणि पैसा इथे वेगळे करता येत नाहीत, आणि करायची गरजही नाही.

नाण्यावर त्याने स्वतःला राजा म्हटलेलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शेजारचे सगळे सरदार एकेक करून राजे होत होते, आपल्या नाण्यांवर ती पदवी कोरत होते. सेउथेसच्या नाण्यावर नुसती ती सहा अक्षरं. त्याच्या घराण्यात हीच पद्धत होती. कोटिसच्या आणि अमाडोकोसच्या नाण्यांवरही बहुतेक नावापुरतंच. यात नम्रता आहे असं मला वाटत नाही. ओड्रिसी घराण्यात राजेपण अलेक्झांडरच्या वारशातून आलेलं नव्हतं, ते आधीपासून होतं. ज्याला सगळे ओळखतात त्याला पदवीची गरज नसते.

या नाण्याच्या घराचा शोध मात्र एका धरणामुळे लागला. १९४८ साली तुंजा नदीवर कोप्रिंका धरणाचं काम चालू असताना नदीच्या वळणावर तटबंदीची भिंत उघडी पडली. उत्खनन १९५४पर्यंत चाललं. काटकोनात एकमेकांना छेदणारे फरसबंदीचे रस्ते, सांडपाण्याच्या गटारी, बाजारचौक, राजवाडा आणि त्यात रंगीत भिंतींचं दालन, घराघरांत जमिनीवर मातीच्या नक्षीदार वेदी. आखणी ग्रीक शहराची, वेद्या थ्रेशियन घरातल्या. शहराचं नाव काय हे एका ग्रीक शिलालेखाने सांगितलं. त्यात सेउथेसची बायको बेरेनिके आणि तिचे चार मुलगे, हेब्रिझेल्मिस, टेरेस, साटोकोस आणि साडालास, कबिले शहराच्या स्पार्टोकोसला शपथ देतात. ती शपथ दोन शहरांत कोरून ठेवायची असं ठरलं होतं, आणि त्यातलं एक सेउथोपोलिस. सेउथेसचं शहर.

आज ते शहर धरणाच्या पाण्याखाली आहे. उत्खनन संपलं आणि जलाशय भरला. काही वर्षांपूर्वी एका बल्गेरियन वास्तुरचनाकाराने जलाशयात गोल भिंत बांधून ते पुन्हा उघडं करण्याचा आराखडा मांडला. लोकांमध्ये त्याची चर्चा खूप झाली, बांधकाम झालं नाही. धरणाच्या कामात इतिहास वाचला नाही असं म्हणताना एवढं मान्य केलं पाहिजे की धरण नसतं तर कदाचित हे शहर सापडलंही नसतं. आणि सहा वर्षं घाईत का होईना, खोदणाऱ्यांनी ते नीट खोदलं. घराघरांतून, रस्त्यांच्या फटींतून मिळालेली नाणी त्यांनी जागेसकट नोंदवली. त्यांत सर्वाधिक नाणी सेउथेसचीच होती.

तिथून जवळच, शिपका गावाच्या बाजूला, गोल्यामा कोस्मात्का नावाचा उंच मातीचा ढिगारा आहे. या खोऱ्यात असे ढिगारे ठिकठिकाणी आहेत. थ्रेशियन सरदारांची आणि राजांची थडगी त्यांत दडलेली आहेत. २००४च्या शरद ऋतूत गेओर्गी किटोव्ह या पुरातत्त्वज्ञाने तो ढिगारा उघडला. दालनाच्या दारापुढे जमिनीत पुरलेलं एक काशाचं डोकं निघालं. आत बळी दिलेला घोडा, पुढे ओकच्या पानांचा सोन्याचा मुकुट, काशाचं शिरस्त्राण, चांदीची भांडी. शिरस्त्राणावर आणि भांड्यांवर तीच सहा अक्षरं. भांड्यांवर नावापुढे वजनही कोरलेलं.

काशाचं ते डोकं ग्रीक कारागिराच्या हातचं असावं, इतकं ते सफाईदार आहे. लांब, थोडी विस्कटलेली दाढी, कपाळावर आठ्या, बसवलेल्या दगडाच्या आणि काचेच्या डोळ्यांत थकलेली पण रोखलेली नजर. आता ते जगभर फिरतं. पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये २०१५च्या थ्रेशियन राजांच्या प्रदर्शनात ते होतं, पुढे लॉस एंजलिसच्या गेटी संग्रहालयातही गेलं. हे डोकं कोणाचं हे ओळखताना किटोव्हने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नाण्यांवरचा चेहरा शेजारी ठेवला. जबड्याची घडण, दाढी, भुवई. बाजारात हातोहाती झिजलेल्या चिल्लरीने आपल्या मालकाच्या मूर्तीची ओळख पटवून दिली. नाण्यावरच्या चेहऱ्याबद्दलचा जुना वाद अजून मिटलेला नाही, हेही खरं. पण कबरीतल्या त्या सहा अक्षरांपुढे शंका बरीच लहान झाली.

पुढचं थोडक्यात. लायसिमॅकस इ.स.पू. २८१मध्ये आशियात कोरुपेडियमच्या लढाईत मारला गेला. त्याच्या मागोमाग केल्टिक टोळ्या बाल्कनात उतरल्या आणि त्यांनी टायलिस नावाचं राज्य उभं केलं. बायझँटियम शहर त्यांना वर्षाला ऐंशी टॅलंटपर्यंत खंडणी देत असे. त्यांचा शेवटचा राजा कावारोस. पॉलिबियस त्याच्या उदार स्वभावाची तारीफ करतो आणि कॅल्सिडनच्या सोस्ट्रॅटस नावाच्या खुशामतखोराने त्याला बिघडवलं असंही नोंदवतो. कावारोसनेही काशाची नाणी पाडली. त्यांवर विजयदेवता राजाच्या नावाला मुकुट घालते, आणि तिथे ‘राजा’ ही पदवी ठळक आहे. थ्रेशियन घराणी त्यानंतरही टिकून राहिली, पण रोमच्या छायेत. ऱ्हिमेटाल्कीस पहिला याच्या नाण्याच्या एका बाजूला तो स्वतः आहे, दुसऱ्या बाजूला सम्राट ऑगस्टस. ही बाजू माझी, ती बाजू ज्याच्यामुळे मी आहे त्याची. इ.स. ४६मध्ये शेवटच्या राजाचा खून झाला आणि थ्रेस रोमचा प्रांत झाला. मला ऱ्हिमेटाल्कीसचं नाणं पाहून वाईट वाटतं. तिथे दोन चेहरे पाठीला पाठ लावून शांतपणे बसले आहेत, झटापट नाही. सेउथेसच्या नाण्यात ती झटापट अजून चालू आहे.

आणि आता या नाण्यावर नवं संकट आहे. बल्गेरियाच्या शेतांत रात्री धातूशोधक यंत्रं घेऊन फिरणारी माणसं आहेत. ढिगारे फोडले जातात, नाणी उपसली जातात, देशाबाहेर जातात आणि धुऊन-पुसून लिलावाच्या छायाचित्रात येतात. २०११ साली कॅनडाने मॉन्ट्रियलमध्ये पकडलेल्या सुमारे एकवीस हजार प्राचीन वस्तू बल्गेरियाला परत केल्या. त्यांत बहुतेक नाणी होती. परत आली ही चांगलीच गोष्ट झाली. पण काशाच्या नाण्याची निम्मी भाषा ते ज्या मातीत सापडलं त्या जागेत असते. ते कोणत्या शेतातलं, कोणत्या घराच्या जमिनीतलं, त्याच्यासोबत काय होतं, हे कळलं तरच ते हुकमतीची सीमा सांगू शकतं. जागा गेली की ठसा उरतो, साक्ष जाते. इओर्दांका युरुकोव्हासारख्या अभ्यासकांनी थ्रेशियन नाण्यांचं वर्गीकरण करताना नोंदलेल्या जागांवरच मोठा भार टाकला होता. त्यांच्यानंतर नाण्यांची संख्या वाढली आहे, जागांच्या नोंदी त्या मानाने वाढलेल्या नाहीत.

लिलावाच्या यादीत आजही सेउथेसची नाणी नियमितपणे दिसतात. खाली ‘कॅसँडरच्या नाण्यावर पुन्हा ठसा’ असं लिहिलेलं असतं, आणि ते लिहिलेलं असेल तर किंमत थोडी चढते. सापडल्याची जागा बहुतेक वेळा लिहिलेली नसते. काझानलाकच्या संग्रहालयात सेउथोपोलिसच्या उत्खननातली जी नाणी आहेत ती या बाबतीत श्रीमंत आहेत. ज्या घरात, ज्या रस्त्यावर ती पडली ते शहर पाण्याखाली गेलं, तरी त्यांचा पत्ता खोदणाऱ्यांच्या नोंदवहीत आहे.